रुप्याचा गोळा आणि सावळाबाईची साखळी

श्री. जो दोन वेगळ्या वस्तू जोडतो आणि जोडलेले सुटू देत नाही, त्या आदिकारागिरास प्रथम नमन. दुसरे नमन ऐरणीस, जी मार खाते आणि बोलत नाही. तिसरे नमन वाचणारांस, त्यांनी शेवटपर्यंत धीर धरावा. शके अठराशे एकसष्ट, प्रमाथी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, ते दिवशी घाटात जे वर्तले ते येथे लिहिले असे. राज्याचे नाव लिहिलेले नाही, कारण त्या राज्यात नाव कोणी आधी घ्यावे यासही रिवाज होता.

तर त्या राज्यात राजमाता आऊसाहेब म्हणून होत्या. वय सत्तरीस टेकलेले, जीभ तिखट, आणि गुडघे मात्र दोन्ही रुसलेले. लेप जाहले, शेक जाहले, तेले जिरली, आणि गुडघे काही मनावर घेईनात. मग राजवैद्यांनी अर्ज केला की घाटाखाली गरम पाण्याची कुंडे आहेत, तेथे चाळीस दिवस स्नान घडावे, न घडल्यास हा हिवाळा सरता आऊसाहेब पलंगावरून उठणार नाहीत. परंतु मोटारीत बसून आठ कोस जाणे त्यांस सोसेना. मग महाराजांनी हुकूम फर्माविला की आऊसाहेबांनी निजूनच जावे आणि निजण्याची खोलीही बरोबर जावी. त्यावरून सुतार बसले आणि सागवानी महाल सिद्ध जाहला, आत पलंग, पुढल्या अंगास खिडकी, मागल्या अंगास मुदपाकखाना, आणि हे सर्व मधोमध दोन चाकांवर तोललेले, तराजू जैसा. पुढे जड केला तर नाक खाली जाते, मागे जड केला तर नाक वर येते, इतके साधे त्याचे गणित. हा महाल मोटारीने मागे ओढून न्यावा ऐसे ठरले.

मोटार आणि महाल जोडण्याचे काम सावळाबाई लोहारणीकडे आले. नवरा गेल्यावर भाता आणि घण तिनेच चालविले होते. बायकोमाणसाने दरबारचे लोखंड ठोकावे की न ठोकावे यावर पूर्वी दोन महिने पोथ्या चाळल्या गेल्या, आणि तोवर बाईने तोफखान्याची सगळी चाके बसवून दिली. बोलणे थोडे, रागही थोडा, पण मापात कोणी जवभर फसवू गेला तर त्याची धडगत नाही, ऐसा स्वभाव. तिची एकुलती लेक हौसा आऊसाहेबांच्या पायांस तेल चोळण्याच्या चाकरीस होती आणि महालात त्यांच्या उशाशी बसून जाणार होती. म्हणजे सावळाबाईचा सगळा संसार त्या जोडणीस अडकविलेला होता.

तिने मोटारीच्या पाठीशी घट्ट लोखंडी गोळा बसविला आणि महालाच्या पुढल्या दांड्यास लोखंडी वाटी उपडी बसविली. वाटी गोळ्यावर उतरली की खालून खटका चढतो आणि गोळा वाटीत कैद होतो. मग वळणावर वाटी गोळ्याभोवती फिरते पण वर उचलत नाही. यात मेख ऐसी की गोळा वाटीच्या मापाचाच पाहिजे. दोन जव लहान असला तर खटका चढल्यासारखा दिसतो आणि चढलेला नसतो. आणि त्यावरही बाईने भरवसा ठेविला नाही. दोन साखळ्या घडविल्या, दांड्याखालून एकमेकींस ओलांडून मोटारीस अडकणाऱ्या, घडी घातलेल्या हातांसारख्या, म्हणजे वाटी निसटलीच तर दांडा भुईस न लागता साखळ्यांत पडावा.

आता येथे रिवाजनवीस नारो त्रिमल यांचे आगमन जाहले. कोणी कोठे बसावे, काय पुढे न्यावे, काय मागे न्यावे, हे सर्व यांच्या दप्तरी. माणूस वाईट नव्हे, कोणाचे वाकडे केलेले नाही, अंगाने मात्र भारदस्त आणि रिवाजापुढे बापाचेही न ऐकणारा. त्यांनी जोडणीभोवती एक प्रदक्षिणा केली आणि नाक मुरडले. म्हणाले, "बाई, लोखंड शनीचे. आऊसाहेबांस साडेसाती चालू. त्यांच्या वास्तूपुढे उघडे लोखंड चालणार नाही. गोळ्यास रुपे मढवा."

सावळाबाई म्हणाली, "पंत, रुपं मऊ असतंय. घाटात वाटीखाली घासून पार जाईल."

"चंद्राचा धातू आहे, आऊसाहेबांस शीतल पडेल. आणि या साखळ्या कशास? राजवाहनास साखळदंड? ही तर बेडी जाहली. बंदीवान नेता की राजमाता नेता?"

"वाटी निसटली तर धरायला, पंत. तिथं दुसरं कोन हाय?"

"निसटावी कशास? तुम्हीच घडविली ना?" ऐसे बोलून नारोपंत हसले, आणि भोवतीचे कारकूनही रिवाजाप्रमाणे हसले.

मग सोनारास बोलाविले, आणि त्याने रुपे सारखे बसावे म्हणून गोळा चहूबाजूंनी कानशीने घासून लहान केला आणि वर रुप्याचे पान चढवून पूर्वीच्या मापास आणिला. दिसण्यात फरक नाही, झळाळी मात्र ऐसी की लोक गोळ्यात तोंड पाहू लागले. साखळ्या सावळाबाईस स्वहस्ते उतरवाव्या लागल्या, आणि त्यांचे जागी तांबडा रेशमी गोंडा बांधिला. तिने उतरविल्या हे खरे, आणि हे तिला पुढे जन्मभर लागून राहिले, पण कोठीत जमा केल्या नाहीत. गोणपाटात गुंडाळून मोटारीत आपल्या पायांखाली ठेविल्या आणि वर चटई टाकिली. लेकीस बाजूस घेऊन म्हणाली, "हौसे, तू नगं जाऊ. पोटात दुखतंय म्हन." हौसा म्हणाली, "मी न्हाई गेले तर आऊसायबांचं पाय कोन चोळंल? त्यांना दुसऱ्या कुनाचा हात खपत न्हाई, आये." एवढा हट्ट पोरीने आईकडूनच उचललेला होता.

सप्तमीस सूर्योदयी निघणे जाहले. रिवाज ऐसा की अन्नसामग्री मालकाच्या पाठीमागे जावी, म्हणून तांब्याची घंगाळे, पाण्याचे हंडे, तांदळाची पोती, पाटा आणि वरवंटा हे सर्व महालाच्या शेपटाकडे भरले. आणि रिवाजनवीसांनी वाहनाच्या पाठीशी चांदीची छडी घेऊन बसावे हाही रिवाज, म्हणून नारोपंत महालाच्या मागल्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले. येणेप्रमाणे जेवढे जड तेवढे सर्व मागे गेले. सावळाबाईने महालाच्या नाकास हात लाविला तो ते हलके लागले, भरल्या घागरीऐवजी रिकामी उचलावी तैसे. पण चौघडा वाजला, पुष्पवृष्टी जाहली, आणि दस्तगीर नामे मोटार हाकणारा, हाताचा नेमका आणि मनाचा सरळ, त्याने गाडी सोडिली.

सपाटीचे पाच कोस सुखाने गेले. सावळाबाई मोटारीच्या मागल्या बैठकीवर उलटी बसली होती, पाठ रस्त्याकडे आणि डोळे गोळ्याकडे. प्रथम काही आवाज नव्हता. दुसऱ्या कोसानंतर बारीक टक् जाहले, मग थोड्या वेळाने पुन्हा टक्, आणि घाटतोंड येईपर्यंत खड्डा आला की टक् होऊ लागले. घाटतोंडी नारळ फोडण्यास थांबणे जाहले. ती उतरून गुडघ्यांवर बसली आणि वाटीच्या कडेखाली बोट सारिले. निघताना तेथे नखही जात नव्हते, आता बोटाचे अग्र गेले आणि बाहेर आले ते रुप्याच्या पुडीने चकाकत आले. तेव्हा ती उठून थेट मागल्या ओट्याशी गेली आणि बोट नारोपंतांपुढे धरून म्हणाली, "ह्ये बघा. गोळा झिजला. आता उतार लागंल, महाल मागनं ढकलंल. साखळ्या हायेत माझ्याजवळ. लावू द्या."

नारोपंतांनी बोट पाहिले, आणि एवढे खरे की त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. परंतु घाटतोंडी तीन गावांची माणसे दर्शनास दाटलेली, पाटील फेटे बांधून उभे. मग हळूच म्हणाले, "बाई, एवढ्या लोकांदेखत राजमातेस साखळी कशी लावू? पहिले वळण जाऊ द्या. वळणाआड कोणी नसेल तेथे लावा. मी पाहिले नाही म्हणेन." सावळाबाईने विचार केला की एवढेच ना, एक वळण, आणि ती मोटारीत जाऊन बसली. तेथे ती चुकली. जी गोष्ट जागीच करावयाची ती एका वळणापुढे ढकलली.

पहिल्या वळणाआड लाकूडतोडे मुजऱ्यास उभे होते. दुसऱ्या वळणाआड कोणी नव्हते, पण उतार ऐसा लागला की दस्तगीर म्हणाला, "मावशी, आता थांबता येत न्हाई. ब्रेक दाबला की मागचं घर ढकलतंया. लई जड हाय." आणि खरेच, त्याने पाय टेकिला की महाल पुढे रेटे, नाक वर उचले, आणि वाटी गोळ्यावर चढून पुन्हा खाली आपटे. आता टक् नव्हते, ठण् होते. त्यातच महालाचे शेपूट डोलू लागले, एकदा डोंगराकडे, एकदा दरीकडे, आणि प्रत्येक झोल मागल्यापेक्षा मोठा. डाव्या हातास दरी, कठडा नाही, खाली झाडांचे नुसते शेंडे दिसत. खिडकीत हौसा दिसली, एका हाताने पलंगाचा खांब आणि दुसऱ्याने आऊसाहेबांस धरून. सावळाबाई स्वतःवरच संतापली.

ती ओरडली, "दस्तगीर, ब्रेकला पाय लावू नगंस! पहिल्या गिअरात टाक अन् इंजनानं धर. सपाटी कुठं हाय?" तो म्हणाला, "चौथ्या वळणाला पाण्याचं टाकं हाय, तिथं सपाटी. पन टाक्याच्या अलीकडं रस्त्यात आडवी नाली हाय, मावशी. गाडी आदळंलच." म्हणजे नालीच्या आत जे करावयाचे ते करावे, नालीनंतर करण्यास काही उरणार नाही. मोटारीच्या पाठीस सामानाची फळी होती. सावळाबाईने गोणपाट काखेत मारले, मागली काच उघडून फळीवर उतरली आणि पालथी पडली. खाली हातभरावर रस्ता धावत होता. तिने वर पाहून हाक दिली, "हौसे! वजन फुडं आन! पोती, हंडे, जे हाताला लागंल ते खिडकीखाली टाक! नाक दाबलं पायजे!"

हौसाने एक हंडा ओढिला, एक पोते लोळविले, पण सर्वांत जड वस्तू मागल्या ओट्यावर छडी धरून बसली होती. ओट्यावरून पुढे येण्यास एकच वाट, ती आऊसाहेबांच्या शेजघरातून. आणि परपुरुषाने त्या उंबऱ्यात पाऊल टाकू नये हा रिवाज खुद्द नारोपंतांच्या आज्याने लिहिलेला. दाराशी येऊन ते उभे राहिले, पाचावर धारण बसलेली, चेहरा पांढरा, एक पाय उचललेला, आणि पाय काही आत पडेना.

"पंत, आत या," हौसा म्हणाली.

"अगे, शेजघर आहे ते. मी कसा येऊ?"

मग आऊसाहेब पलंगावरून बोलिल्या. "नारोपंत, हा रिवाज मी मोडला. तुम्ही फक्त वजन घेऊन या."

ऐसी आज्ञा जाहल्यावर त्यांनी डोळे मिटून उंबरा ओलांडला, आणि मिटल्या डोळ्यांनीच धडपडत, एका हाताने तांदळाचे पोते ओढीत, खिडकीखाली येऊन बसले. छडी कोठे राहिली हे त्यांस आठवले नाही. तेवढ्याने महालाचे नाक खाली बसले, डोल मंदावला, ठण् बंद जाहले. वाटी अजून सैल होती, पण निदान गोळ्यावर होती. सावळाबाईने पहिल्या साखळीचा आकडा दांड्याच्या कडीत घातला, मग दांड्याखालून ओलांडून मोटारीच्या कडीत घालू गेली तो पोचेना. वीतभर पोचेना, मग चार बोटे, मग मोटार वळली आणि अंतर घटले त्या क्षणात आकडा बसला. तिने दुसरी साखळी हातात घेतली. दस्तगीर ओरडला, "मावशी, नाली! हात काढ!"

तिने हात काढिला नाही. दुसऱ्या साखळीचे एक टोक दांड्याच्या कडीत गेले होते, दुसरे मोटारीच्या कडीपाशी होते, आणि आता सोडावे हे तिच्या मनास पटेना. मोटारीची मागली चाके नालीत उतरली आणि उसळली, आणि वाटी गोळ्यावरून उडाली. महाल सुटला. हे ज्याने पाहिले तो दस्तगीरच, आरशातून, आणि तो सांगे की त्या क्षणी आपण कलमा म्हणून घेतला. दांडा खाली कोसळला तो भुईपर्यंत गेला नाही. पहिल्या साखळीवर पडला आणि साखळी ताणून तंबोऱ्याच्या तारेसारखी वाजली. पुढले अंग जड होते म्हणून महाल मागे उलटला नाही, आणि साखळी होती म्हणून दरीत गेला नाही. वाकडा, घसटत, मोटारीपाठी वीस पावले आला आणि टाक्याच्या सपाटीवर थांबला. दस्तगीरने उडी टाकून चाकांस धोंडे लाविले. दरीकडचे चाक कडेपासून हातभर अलीकडे होते.

महालात हौसा रडत होती, आणि आऊसाहेब तिच्या पाठीवर हात फिरवीत होत्या, एरवी उलटे असे. सावळाबाई फळीवर तशीच पालथी होती. तिच्या डाव्या हाताची दोन बोटे साखळी आणि कडी यांमध्ये सापडून गेली होती, आणि दुसरा आकडा मात्र बसलेला होता. नारोपंत खाली उतरले, ते दृश्य पाहिले, डोक्याची पगडी काढिली, तिचे वस्त्र उकलले आणि स्वतः तिच्या हातास बांधिले. म्हणाले, "सावळाबाई, घाटतोंडी तुम्ही बोट दाखविले होते." ती म्हणाली, "म्या पन ऐकायला नगं हुतं, पंत."

त्याउपरी स्वार पाठवून तिच्या भट्टीतला दुसरा लोखंडी गोळा आणविला, जो तिने कोणास न सांगता घडवून ठेविला होता. दस्तगीरने तो बसविला, तिने उजव्या हाताने वाटीखाली नख घालून पाहिले, नख गेले नाही. सामान पुढे भरले, साखळ्या ओलांडून लाविल्या. तरी कोणी निघेना, सर्वांचा जीव टांगणीला लागलेला. तेव्हा आऊसाहेबांनी खिडकीतून मान बाहेर काढिली आणि विचारिले, "सावळाबाई, निघू का?" सावळाबाई दचकली, कारण राजमाता लोहारणीस विचारून निघते ऐसे कोणत्याही दप्तरात नव्हते. तिने पुन्हा एकदा खटका हलवून पाहिला आणि म्हणाली, "निघा, आऊसाहेब." दिवस मावळण्याआत कुंडे गाठली, आणि चाळीस दिवसांनी आऊसाहेब आपल्या पायांनी महालाच्या पायऱ्या चढल्या.

नारो त्रिमल यांनी परतल्यावर दप्तर उघडून स्वहस्ते नवा रिवाज लिहिला: राजवाहनास साखळी ही बेडी नव्हे, तिला निघण्यापूर्वी हळदकुंकू वाहावे आणि लोकांदेखत लावावी. जड ते पुढे भरावे, रिवाजनवीसांसुद्धा. आणि जोडणी ज्याने केली त्यास विचारल्याविना कोणी निघू नये. पुढे नऊ वर्षे आऊसाहेब कोठेही निघाल्या, महालातून की पालखीतून, तर आधी विचारीत, "सावळाबाई, निघू का?" आणि बाई तीन बोटांच्या हाताने सर्व चाचपून मग "निघा" म्हणे. कधी उगाच दोनदा चाचपी, आणि आऊसाहेब म्हणत, "पुरे गं, मी काही तोफ नव्हे."

शके अठराशे सत्तर, पौष मासी आऊसाहेबांस देवाज्ञा जाहली. तिरडी बांधून तयार, खांदेकरी वाकलेले, महाराज पुढे मडके घेऊन उभे, आणि कोणी हलेना. तेव्हा नारोपंत, जे स्वतः काठीवर आले होते, गर्दीतून वाट काढीत सावळाबाईपाशी गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सावळाबाई, आऊसाहेब विचारतात, निघू का?" ती पुढे जाहली. तीन बोटांनी सुतळीची एकेक गाठ चाचपली, डोक्याकडली, पायांकडली, मग पुन्हा डोक्याकडली. कोठे एक तरी गाठ सैल निघावी म्हणून तिने फार वेळ शोधिले. सगळ्या पक्क्या होत्या. हौसाने आईच्या पाठीवर हात ठेविला. मग तिने तिरडीवरला हात काढून घेतला आणि म्हणाली, "निघा, आऊसाहेब."

येणेप्रमाणे रुप्याच्या गोळ्याची आणि लोखंडाच्या साखळीची हकीकत. महाल पुढे मोडकळीस आला, गोळा गंजला, साखळ्या मात्र अद्याप भट्टीच्या खुंटीस आहेत आणि हौसाबाई त्यांस दर सप्तमीस तेल लाविते. लेखन येथे थांबले असे.